पाण्याचं बिल अचानक भरमसाठ आलं? पैशांवर नाही, रीडिंगवर भांडा

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे पाण्याचं बिल आलं, 9,740 रुपये. एरवी दोन महिन्यांचं मिळून साडेसहाशे-सातशेच्या वर कधी जात नाही. घरात आम्ही पाच माणसं, ना बाग ना गाडी धुणं. बाबा रिटायर्ड, त्यांना बिल बघूनच धडकी भरली, उद्याच्या उद्या भरून टाकू नाहीतर नळ तोडतील हे एकच पालुपद. मी कसंबसं त्यांना थांबवलं, आणि पुढच्या दीड महिन्यात ते बिल 660 रुपयांवर आलं. त्यात काय केलं, कुठे चुकलं असतं, आणि नंतर मावशीच्या आणि सोसायटीतल्या ओळखीच्यांच्या बिलांसाठी धावपळ करताना काय काय कळलं ते सगळं लिहितेय. महापालिका असो की नगरपरिषद, पद्धत थोडीफार इकडेतिकडे होते पण मुद्दा तोच राहतो.

मुद्दा हा की काउंटरवर जाऊन "एवढं बिल कसं आलं हो" असं म्हणू नका. त्याला त्यांच्याकडे ठरलेलं उत्तर आहे, "वापरलं असेल." भांडायचं ते युनिटवर आणि रीडिंगवर, कारण तिथे आकडा असतो, आणि आकड्याला त्यांनाही आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

आधी बिल नीट वाचा

बिलावर सात-आठ गोष्टी असतात, आपण फक्त खालची रक्कम बघतो. मागील रीडिंग, चालू रीडिंग, दोन्हींच्या तारखा, वापरलेले युनिट, मीटर नंबर, कनेक्शनचा प्रकार (घरगुती, व्यावसायिक, बांधकाम), मागची थकबाकी आणि विलंब आकार. 1 युनिट म्हणजे 1 घनमीटर, म्हणजे 1000 लिटर. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आमच्या बिलावर मागील रीडिंग 1184 आणि चालू 1426, म्हणजे 242 युनिट. दोन महिन्यांत दोन लाख बेचाळीस हजार लिटर, रोजचे चार हजारांवर, माणशी आठशे लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना करताना सरकारी निकष धरतात माणशी रोज 135 लिटर. म्हणजे आम्ही त्याच्या सहापट पाणी वापरलं असं ते बिल सांगत होतं. हा भागाकार तुम्हीही पहिल्यांदा करा, युनिट गुणिले 1000, भागिले दिवस, भागिले घरातली माणसं. उत्तर दीडशेच्या आसपास आलं तर वापर खराच आहे आणि गडबड दरात किंवा थकबाकीत आहे. चारशे-पाचशे-आठशे आलं तर एकतर कुठेतरी पाणी जातंय नाहीतर रीडिंग चुकलंय.

आणि रक्कम जास्त पण युनिट नेहमीएवढेच असतील तर मीटरकडे जायच्या आधी थकबाकीचा रकाना बघा. भरलेलं बिल जमा न झाल्यामुळे पुन्हा थकबाकीत आलेलं असतं असं खूपदा होतं, किंवा घर विकत घेतलं असेल तर जुन्या मालकाची बाकी. घरात क्लास किंवा दवाखाना होता आणि बंद झाला तरी व्यावसायिक दरच चालू राहिलेला असतो, बांधकामाचं कनेक्शन घरगुती करून घ्यायचं राहून गेलेलं असतं. ही कामं जुन्या पावत्या आणि एका अर्जात होतात.

मग मीटर प्रत्यक्ष बघा

बिल हातात घेऊन मीटरपाशी जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नका. आमचा मीटर गेटशेजारच्या चेंबरमध्ये आहे, वर लोखंडी झाकण, आत माती आणि झुरळं. पुसून टॉर्च मारला तर काचेच्या आतून दमट वाफ धरलेली, आकडे धुरकट. मोबाईल अगदी जवळ नेऊन तीन-चार फोटो काढले, झूम करून बघितलं तर 1232. परत बघितलं, बाबांना दाखवलं, 1232 च.

म्हणजे बिलाप्रमाणे नऊ दिवसांपूर्वी 1426 असलेला मीटर आज 1232 दाखवत होता, आणि मीटर काही उलटा चालत नाही. मीटर रीडरने त्या वाफेतून 1226 चं 1426 वाचलं होतं, फक्त एक आकडा. 1226 धरलं तर वापर 42 युनिट, माणशी रोज 140 लिटर, अगदी आमचा नेहमीचा.

फोटो काढताना दोन गोष्टी एकाच फोटोत यायला हव्यात, रीडिंग आणि मीटरवर कोरलेला नंबर. तो नंबर बिलावरच्या मीटर नंबरशी जुळतो का तेही बघा. रो-हाऊसमध्ये किंवा चाळीत चार-सहा मीटर एका ओळीत असतात आणि कधीकधी शेजाऱ्याचा मीटर आपल्या नावावर चढलेला असतो. खात्री करायची असेल तर पाणी यायच्या वेळेला आपला कॉक बंद करा, जो मीटर थांबला तो आपला.

काळे आकडे आणि लाल आकडे हा आणखी एक घोळ. बहुतेक घरगुती मीटरवर काळे आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर, बिल त्यावर होतं. लाल आकडे किंवा लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या म्हणजे त्याखालचे लिटर. कुणी लाल आकडा धरून वाचलं तर युनिट दहापट होतात.

रीडिंग बरोबर निघालं तर गळती शोधा

इथे स्वतःशी खरं बोलायला लागतं. मीटरच्या पुढचं पाणी आपलं, गळालं तरी आपलं, आणि बहुतेक ठिकाणी त्याचं बिल माफ होत नाही. म्हणून ऑफिसात जायच्या आधी घर तपासून घ्या, नाहीतर इंजिनिअर पाहणीला येतो, टाकी ओसंडताना बघतो आणि तुमची केस तिथेच संपते.

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं आणि आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, त्यामुळे मीटर मोजतो ते टाकीत गेलेलं पाणी, स्वयंपाकघरातला नळ किती वेळ चालू होता ते नाही. पहिला संशय खालच्या टाकीच्या बॉल कॉकवर घ्या. तो अडकला की पाणी येईल तेवढा वेळ ओव्हरफ्लोच्या पाइपमधून सरळ गटारात जातं, आणि पाणी पहाटे चारला येत असेल तर कुणाला कळतही नाही. एक दिवस गजर लावून उठा आणि ओव्हरफ्लोचं तोंड बघा. नंतर टाकी भरल्यावर कॉक बंद करून मीटरचा छोटा चांदणीसारखा काटा बघा, थांबलेला पाहिजे. कॉक टाकीच्या तोंडाशी असेल आणि तरीही काटा फिरत असेल तर मीटर ते टाकी मधल्या पाइपला गळती आहे, जमिनीखाली, आणि ती वरून ओल दाखवेलच असं नाही. मिनिटाला फक्त एक लिटर गळत असेल आणि पाणी चोवीस तास असेल तर दिवसाला 1440 लिटर, महिन्याला 43 युनिट होतात.

टाकीच मुरते का हे बघायला रात्री पंप बंद ठेवायचा, काठावर खडूने पाण्याची रेघ मारायची आणि सकाळी पाणी यायच्या आधी बघायचं. वरच्या टाकीसाठी पण तसंच. संडासच्या फ्लश टाकीत खायचा रंग टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा, भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. गळती सापडली तर दुरुस्त करा, दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा, प्लंबरकडून तारखेचं बिल लिहून घ्या. पूर्ण माफी मिळाली नाही तरी हप्ते मागायला आणि विलंब आकार माफ करा म्हणायला ते कागद उपयोगी पडतात.

मीटरच जास्त मोजतोय असं वाटलं तर

हे तपासायला 20 लिटरचा पाण्याचा जार पुरतो, तो मोजलेला असतो, बादल्यांच्या मापाचा भरवसा नाही. मीटरनंतर लगेच नळ असेल तर तिथून, नाहीतर टाकीत पडणाऱ्या तोंडाशी, पाच जार भरा म्हणजे 100 लिटर झाले. मीटरवर 0.1 घनमीटरच पुढे गेलं पाहिजे. चालू घरगुती मीटरला नेहमीच्या प्रवाहात साधारण 2 टक्क्यांची सूट भारतीय मानकात आहे, आयएस 779 असं त्याचं नाव. तुमच्या जारच्या मोजणीत पाच-सात लिटरचा फरक येऊ शकतो तो सोडून द्या, पण 100 लिटर भरून मीटर 130 दाखवत असेल तर तीन वेळा करून व्हिडिओ काढून ठेवा.

आणि हवा. दिवसाआड पाणी येतं तिथे पाइप रिकामे होतात, पाणी सुटलं की पुढची हवा जोरात बाहेर पडते आणि मीटर भिंगरीसारखा फिरतो, पाण्याचा थेंब नसताना. पाणी यायच्या दहा मिनिटं आधी मोबाईल लावून याचा व्हिडिओ घ्या. एकट्याने तक्रार केली तर हसण्यावारी नेतात, गल्लीतल्या पाच-सहा जणांनी एकत्र अर्ज दिला की लाइनवर एअर व्हॉल्व्ह बसवायची मागणी तरी कागदावर येते.

मावशीची केस, आणि स्लॅबचं गणित

हा भाग शांतपणे वाचा कारण मोठी बिलं सगळ्यात जास्त इथूनच येतात, आणि रीडिंग बरोबर असतं म्हणून लोक गप्प भरून टाकतात.

मावशी आठ महिने मुलीकडे येऊन-जाऊन होती, गेटला कुलूप, मीटर आत. रीडर आला की "घर बंद" लिहून सरासरी बिल टाकायचा. नवव्या महिन्यात गेट उघडं मिळालं, खरं रीडिंग घेतलं आणि मधला सगळा फरक एका महिन्यात लावला. दर स्लॅबचे असतात, जास्त वापराला जास्त दर, त्यामुळे आठ महिन्यांचं पाणी एका महिन्यात दाखवलं की ते आपोआप वरच्या स्लॅबमध्ये जातं.

आकडे समजायला सोपे धरते, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. समजा महिन्याला पहिल्या 20 युनिटला 10 रुपये, पुढच्या 20 ला 20 रुपये, त्यावर 40 रुपये. खरा वापर महिन्याला 18 युनिट, पण आठ महिने सरासरी 10 युनिटचं बिल येत राहिलं. म्हणजे 64 युनिट राहिले, त्यात नवव्या महिन्याचे 18, एकूण 82 युनिट. एका महिन्यात धरून बिल होतं 200 अधिक 400 अधिक 42 युनिटचे 1680, म्हणजे 2280 रुपये. तेच नऊ महिन्यांवर वाटलं तर दर महिना 18 युनिट, सगळं पहिल्या स्लॅबमध्ये, 162 युनिटचे 1620, त्यातले 800 आधीच भरलेत, राहिले 820. पाणी तेवढंच, फरक 1460 रुपयांचा.

म्हणून अर्जात असं मागा: "मधल्या काळातले युनिट तेवढ्या महिन्यांवर विभागून, प्रत्येक महिन्याला त्या वेळचा स्लॅब लावून बिल दुरुस्त करावं, आणि आधी भरलेली सरासरी बिलं वजा करावीत." हे गणित कागदावर स्वतः करून जोडा. मावशीच्या ऑफिसातल्या बाईंनी ते बघितलं, कॅल्क्युलेटर घेतला, आणि "हां, विभागून लावायला पाहिजे होतं" म्हणाल्या. तोंडी सांगून तीन हेलपाटे झाले होते ते तिथे मिटलं.

सोसायटीला एकच मोठा मीटर असेल तर स्लॅब फ्लॅटच्या संख्येवर गुणतात. रेकॉर्डवर 24 च्या जागी 16 फ्लॅट लागले असतील तर फ्लॅटमागचा वापर फुगतो आणि सगळी बिल्डिंग वरच्या स्लॅबचे पैसे भरत बसते. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत जोडून संख्या दुरुस्त करून घ्या.

अर्ज

फोनवर तक्रार केली, व्हॉट्सॲप केलं, ठीक आहे, पण लेखी अर्ज दिल्याशिवाय काही झालं असं धरू नका. दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि बिलाची शेवटची तारीख जायच्या आत द्या. माझा अर्ज साधारण असा होता:

"प्रति, उपअभियंता, पाणीपुरवठा विभाग. विषय: ग्राहक क्रमांक (इथे नंबर), चुकीच्या रीडिंगमुळे आलेलं बिल दुरुस्त करण्याबाबत. महोदय, वरील बिलात चालू रीडिंग 1426 दाखवले आहे. त्यानंतर नऊ दिवसांनी मीटरचे प्रत्यक्ष रीडिंग 1232 आहे, फोटो सोबत जोडला आहे. त्यामुळे 1426 हे रीडिंग चुकीचे असल्याचे स्पष्ट होते. मागील सहा बिलांचा सरासरी वापर 43 युनिट आहे. तरी स्थळपाहणी करून प्रत्यक्ष रीडिंगप्रमाणे दुरुस्त बिल द्यावे, निर्णय होईपर्यंत वादग्रस्त रकमेवर विलंब आकार लावू नये व नळजोडणी खंडित करू नये. सरासरी वापराची रक्कम मी हरकत राखून भरण्यास तयार आहे."

सोबत बिलाची झेरॉक्स, मागची सहा बिलं, फोटो. घरातल्या अडचणी, आजारपण, पेन्शन हे अर्जात लिहू नका, लिहावंसं वाटतं मला माहितीये पण त्याने मुद्दा पातळ होतो. एका पानात संपवा.

काउंटरवर मला सांगितलं, "आत्ता भरून टाका, पुढच्या बिलात आपोआप ॲडजस्ट होईल." हे ऐकू नका. आमचा महिन्याचा वापर 21 युनिट, जास्तीचे 200 युनिट लागलेले, म्हणजे मीटर खऱ्या अर्थाने 1426 वर पोचायला साडेनऊ महिने लागले असते. तोपर्यंत प्रत्येक वेळी चालू रीडिंग मागच्यापेक्षा कमी येणार, मग मीटर नादुरुस्त म्हणून शेरा पडणार आणि सरासरी बिलं सुरू. शिवाय वरच्या स्लॅबने घेतलेले जादा पैसे कोण परत देतंय.

पूर्ण रक्कम भरायचीच वेळ आली, नोटीस आली वगैरे, तर भरताना "हरकत राखून भरत आहे" असं पत्र देऊन त्याचीही पोच घ्या. थोडी रक्कम ऑनलाइन भरता येत नसेल तर विभागात जाऊन अंशतः भरायची परवानगी अर्जावरच लिहून घ्या.

पाहणीला कुणी आलं तर स्वतः हजर राहा, त्यांनी लिहिलेलं वाचा, तुमचा आकडा त्यात आहे का बघा मगच सही करा, आणि त्या कागदाचा फोटो काढा. मीटर बदलायचा ठरला तर जुन्या मीटरचा नंबर आणि शेवटचं रीडिंग फोटोत पाहिजेच, जुना मीटर एकदा गेला की पुरावा गेला. मीटर तपासणीला नेणार असतील तर पावती आणि अहवालाची प्रत मागा. मीटरचं सील तोडणं, स्वतः उघडून पुसणं, हे चुकूनही करू नका, बिलाचा वाद राहतो बाजूला आणि पाणीचोरीचा ठपका येतो.

अजून एक, "आज रात्री तुमचं पाणी कनेक्शन कट होणार, या नंबरवर फोन करा" असे मेसेज येतात आणि सोबत एखादी फाइल डाऊनलोड करायला सांगतात. ते चोर असतात. आधीच बिलाच्या टेन्शनमध्ये असलेला म्हातारा माणूस पटकन फसतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

उत्तरच आलं नाही तर

पंधरा दिवस वाट बघा, मग त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र कार्यकारी अभियंत्याला द्या. त्याच दिवशी "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार टाका. मीटरच बिघडलेला असेल तर आणखी एक रस्ता आहे जो फार लोकांना माहीत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली महापालिका-नगरपरिषदांच्या ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यात "नादुरुस्त मीटर तक्रार करणे" ही सेवा आहे. त्यातून अर्ज केला की ठरलेल्या मुदतीत काम करावं लागतं आणि नाही झालं तर त्याच कायद्यात अपील करता येतं.

तरी हलत नसेल तर माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. मागायचं काय, तर माझ्या ग्राहक क्रमांकाची मागील 24 महिन्यांची रीडिंग नोंद, रीडरने काढलेले फोटो असल्यास त्यांच्या प्रती, आणि सध्याचे दर लागू करणाऱ्या ठरावाची प्रत. "बिल का वाढलं" असा प्रश्न विचारू नका, का-कशाला याला उत्तर देत नाहीत, कागद मागा. उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. रीडिंगची नोंद हातात आली की "घर बंद" किती वेळा लिहिलंय ते पांढऱ्यावर काळं दिसतं.

याच्याही पुढे जायचं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन लोकअदालतीची चौकशी करा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कायम लोकअदालतीची सोय आहे आणि त्यात पाणीपुरवठा ही सार्वजनिक सेवा म्हणून नाव घेऊन दिलीय, फी लागत नाही. फक्त लक्षात ठेवा, कायम लोकअदालतीत अर्ज केला की त्याच वादासाठी नंतर कोर्टात जाता येत नाही आणि तिचा निकाल अंतिम असतो. ग्राहक आयोगात पण लोक जातात, तिथे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी मुंबई ग्राहक पंचायत किंवा अखिल भारतीय ग्राहक पंचायत अशा एखाद्या संस्थेकडे कागद दाखवा, ते आपली केस कुठे टिकेल ते सांगतात. पाच-सात हजारांच्या बिलासाठी एवढं लांब जायची वेळ सहसा येत नाही, फोटो आणि गणित नीट असेल तर उपअभियंत्याच्या टेबलावरच मिटतं.

दुरुस्त बिल हातात आलं तरी काम झालं असं समजू नका. माझ्या दुरुस्त बिलावर रक्कम 660 बरोबर होती, पण पुढचं बिल आलं त्यात मागील रीडिंग परत 1426 छापून आलं, म्हणजे पैसे कमी केले होते पण सिस्टीममधला आकडा तसाच होता. पुन्हा एक अर्ज, दुरुस्त बिलाची झेरॉक्स जोडून, पुन्हा पोच. त्यानंतरच्या बिलावर आकडे बरोबर आले. बाबा आता दर महिन्याच्या एक तारखेला टॉर्च घेऊन जातात आणि कालनिर्णयच्या चौकटीत रीडिंग लिहितात, फोटो मला पाठवतात.